वापरात राहिलेली वास्तू

माझ्या आजोळच्या घराला कुलूप लागले, तेव्हा त्याच्या जांभ्या दगडाच्या भिंती भक्कम होत्या. परंतु माणसांचा वावर थांबला, फुटके कौल बदलणारे कोणी उरले नाही आणि थोड्याच पावसाळ्यांत छप्पर खाली आले. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरी ‘क्वीन व्हिक्टोरिया बिल्डिंग’ पाहताना मला त्या घराची वारंवार आठवण होत होती.

जॉर्ज मॅक्रे या वास्तुशिल्पज्ञाने योजिलेली ही विस्तीर्ण इमारत १८९८ साली पूर्ण झाली. या जागी पूर्वीपासून शहराचा बाजार होता. नवी इमारतही बाजारासाठीच उभारण्यात आली. काळ मंदीचा होता. पाथरवट, गिलावा करणारे व रंगीत काचांचे कारागीर यांना त्या निमित्ताने काम मिळाले.

पण भाजी-फळांचा व्यापार पुढे अन्यत्र गेला. संगीत-सभागृहात शहराचे ग्रंथालय आले. १९३० नंतरच्या दशकात नगरपालिकेच्या कचेऱ्यांसाठी आतील रचना पुष्कळच बदलण्यात आली. १९५९ साली तर ही वास्तू पाडण्याचा विचार पुढे आला. सुदैवाने लोकमत तिच्या बाजूने उभे राहिले व ती वाचली. १९८४ ते १९८६ या काळात मलेशियातील एका कंपनीने ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर तिचा जीर्णोद्धार केला. ती पाडून तेथे वाहनतळ करावा, असेही एके काळी सुचविले गेले होते. तो वाहनतळ अखेर जमिनीखाली करण्यात आला.

आत शिरून मधल्या घुमटाखाली उभे राहावे. वर काचेतून उजेड उतरतो; दोन्ही अंगांना मजल्यांवर मजले, नक्षीदार कठडे व त्यांच्यामागे दुकानांच्या रांगा दिसतात. ही दुकाने बहुतेक महागडी आहेत. जेथे एके काळी भाजीपाला विकला जाई, तेथे आज सामान्य माणूस खरेदी करीलच असे नाही. हे मला खटकले. तथापि दार सर्वांस उघडे आहे आणि दुकानांच्या भाड्यावरच वास्तूची देखभाल चालते, हेही विसरता येत नाही.

विद्यार्थिमित्रहो, जुनी इमारत केवळ आदराने टिकत नाही; तिला काम द्यावे लागते. मात्र ते काम तिच्या अंगी शोभणारे असावे. पणजीतील जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या इमारतीला २००४ पासून चित्रपट महोत्सवाने असेच नवे काम दिले. सुट्टीत आपल्या गावातील एक जुनी वास्तू निवडा. ती कशासाठी बांधली, आज तिच्यात काय चालते आणि पावसाळ्यापूर्वी तिचे छप्पर कोण पाहते, हे घरातील वडील मंडळींना विचारा. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तर ती वास्तू संकटात आहे असे समजावे.