छप्पर पाहून घ्या

मे महिना सरत आला की पावसाचे वेध लागतात. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागात पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. २६ जुलै २००५ च्या पावसात तर सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाणी पडले. हा सारा मारा आधी कोण सोसते? आपल्या डोक्यावरचे छप्पर.

आपण अंगण रोज झाडतो. भिंती सणावाराला रंगवतो. छपराकडे मात्र पाणी गळू लागले की मगच बघतो. तोवर आतले दुखणे जुने झालेले असते. तहान लागल्यावर विहीर खणण्यातलाच हा प्रकार.

उपनगरांतल्या जुन्या गावठाणांत अजून कौलारू घरे आहेत. कौलारू घर आपले दुखणे लवकर सांगते. भर दुपारी दारे-खिडक्या लावून वर पाहा. जिथे उजेडाचा ठिपका दिसेल, तिथून पाणी येणार. मग वासे आणि रिपा खिळ्याने टोचून पाहाव्यात. खिळा सहज आत गेला तर समजावे, लाकूड कुजले किंवा वाळवीने पोखरले. हे काम जाणत्या सुताराला सांगावे. आपण कौलांवर चढू नये. पाय घसरला तर कौल राहील बाजूला, कंबर मोडेल.

स्लॅबचे घर मात्र गप्प बसते. स्लॅबच्या पोटात लोखंडी सळया असतात. गच्चीवर पाणी साचते. ते बारीक भेगांतून झिरपत सळईपर्यंत पोचते. सळई गंजते. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. तो फुगतो आणि काँक्रीटला आतून रेटतो. काँक्रीट तडकते, पोपडा सुटतो आणि खाली येतो. खाली बाळाचा पाळणा असला तर? समुद्राच्या खाऱ्या हवेत हा गंज आणखी लवकर चढतो.

आमचीच चूक सांगतो. आमच्या शाळेत एका वर्गाच्या छताला ओल आली. तांबूस डाग पडला. आम्ही गवंडी बोलावला, गिलावा करून घेतला, वर चुना फासला. छत पांढरेशुभ्र झाले. आम्ही खूश! पुढच्या श्रावणात मधल्या सुट्टीत तोच गिलावा बाकांवर कोसळला. मुले बाहेर खेळत होती म्हणून वाचली. तांबूस डाग म्हणजे आत सळई गंजली, हे तेव्हा आम्हांला ठाऊक नव्हते. डाग झाकला, रोग तसाच राहिला.

दुसरी चूक पुष्कळ लोक करतात. गच्ची गळली की कोब्यावर आणखी कोबा घालतात. वजनाचा हिशेब करून पाहू. एक मीटर लांब व एक मीटर रुंद जागेवर १० सेंटिमीटर पाणी साचले, तर त्याचे वजन १०० किलो होते. कोबा तर पाण्याहून जड. हे सारे वजन स्लॅबवरून तुळईवर, तुळईवरून खांबावर आणि खांबावरून पायावर जाते. म्हणून जाणता माणूस छपराबरोबर खांबही पाहतो. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरला एक चार मजली इमारत कोसळली. १७ माणसे दगावली. त्या वेळी तळमजल्यावर फेरफाराचे काम चालू होते.

तपासणी कोणी करावी? स्लॅबची तपासणी नोंदणी असलेल्या इंजिनिअरकडून करावी. तो हातोडीने ठोकून आवाज ऐकतो. पक्का भाग खणखणतो, सुटलेला भाग पोकळ वाजतो. तो गच्चीचा उतार, पाणी जाण्याची तोंडे, कठड्यात उगवलेले पिंपळाचे रोप, सारे पाहतो. यंत्र लावून काँक्रीटची ताकद अजमावतो. मग लेखी अहवाल देतो. याला लोक 'स्ट्रक्चरल ऑडिट' म्हणतात.

मुंबईत इमारतीला ३० वर्षे झाली की ही तपासणी कायद्याने करावीच लागते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत असे आहे: १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची तपासणी ५ वर्षांतून एकदा, त्याहून जुन्या इमारतीची ३ वर्षांतून एकदा.

अहवालात इमारतीचा वर्ग लिहिलेला असतो. 'सी-१' म्हणजे धोकादायक. रिकामी करून पाडायची. 'सी-२ अ' म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करायची. 'सी-२ ब' म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती. 'सी-३' म्हणजे किरकोळ दुरुस्ती.

पूर्वी असा कागद आला की आपण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होतो. तो सांगेल ते खरे मानून अंगठा उठवत होतो. आता आपल्याला वाचता येते. अहवाल मागून घ्या. स्वतः वाचा. अडेल तो शब्द विचारा. मगच सही करा.

लक्षात ठेवा
१. छप्पर पावसाळ्याआधी पाहावे.
२. डाग झाकू नये, कारण शोधावे.
३. विचारल्याशिवाय खांबाला आणि तुळईला हात लावू नये.
४. तपासणीचा कागद लेखी घ्यावा व जपून ठेवावा.

सांगा पाहू
१. छताला तांबूस डाग का पडतो?
२. तुमचे घर किती वर्षांचे आहे? त्याची तपासणी शेवटी कधी झाली?