ते खोटं बोलत नाहीत गं

सोमवारची सकाळ तुला नकोशी वाटते, हे तू सांगितलं नसतंस तरी मला कळलं असतं. आयटी सपोर्टला नवीन लागलेल्या प्रत्येकीचं तेच होतं. सुट्टी संपली की निम्म्या ऑफिसला पासवर्ड आठवत नाही, कुणाचं अकाउंट लॉक झालेलं असतं, कॉन्फरन्स रूमचा प्रोजेक्टर लॅपटॉपला दाद देत नाही आणि साहेबांची मीटिंग नेमकी दहाला. फोन वाजतोय, चॅटवर लोक नुसतं 'हाय' टाकून गप्प बसलेत, आणि दारातून कुणीतरी डोकावतंय, 'अगं, एकच मिनिट!' अशा वेळी छातीत धडधडलं तर तुझ्यात काही कमी आहे असं समजू नकोस. शंभर-सव्वाशे माणसांना तुम्ही दोघीच पुऱ्या पडताय. फक्त एक गोष्ट तुला कुणी नीट सांगितलेली दिसत नाही, ती मी सांगते.

समोरचा माणूस खोटं बोलत नाही, असं धरून चाल.

तुझी सगळ्यात मोठी तक्रार हीच ना, की 'रीस्टार्ट केलं का?' विचारलं की लोक बिनदिक्कत 'हो' म्हणतात, आणि तू टास्क मॅनेजर उघडलास की मशीन अकरा दिवस सलग चालू असल्याचं दिसतं? मला सांग, त्या अकरा दिवसांच्या मशीनवाल्या बाई रोज संध्याकाळी निघताना शट डाउन करतात की नाही? करतात. तरी आकडा अकराच राहतो. कारण विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, त्यात फास्ट स्टार्टअप आहे. शट डाउन केलं की विंडोज आपला आतला गाभा डिस्कवर जसाच्या तसा ठेवून देतं आणि सकाळी तोच उचलून पुढे चालू करतं, लवकर सुरू व्हावं म्हणून. अडकलेला ड्रायव्हर असेल तर तोही त्यासोबत जसाच्या तसा परत येतो. रीस्टार्ट केलं तर मात्र सगळं नव्याने सुरू होतं. बाई खरं बोलत होत्या, तुझा आकडाही खरा होता, आणि मधल्या मध्ये तुम्हा दोघींचं वाजलं. तेव्हा 'केलं का?' असं विचारूच नकोस. 'आपण दोघी मिळून आत्ता एकदा रीस्टार्ट करू, मी इथेच आहे,' असं म्हण. वेळ तेवढाच जातो आणि कुणाला चोरासारखं वाटत नाही.

लोकांचे शब्दही असेच ऐकायचे बघ. 'नेट गेलं' म्हणजे कधी वायफाय गेलेलं असतं, कधी एकच वेबसाइट उघडत नसते, तर कधी टॅली सर्व्हरला जोडलं जात नसतं. 'हँग झालं' म्हणजे बऱ्याचदा प्रिंट देऊन कागद आलेला नसतो. त्यांचा शब्द तांत्रिकदृष्ट्या चुकीचा असेल, पण त्रास खरा असतो. म्हणून पहिला प्रश्न ठरवून ठेव: 'तुम्ही काय करत होतात, आणि पडद्यावर नेमकं काय दिसतंय?' दुसरा: 'शेजारच्यांचं चालतंय का?' या दोन प्रश्नांत निम्मं निदान होतं. पुढे सगळं क्रमाने. कुकरची शिट्टी होत नसेल तर आपण आधी गॅस बघतो, मग पाणी, मग रिंग; एकदम नवा कुकर आणायला धावत नाही. तसंच इथे. शेजारच्याचं चालतंय, हिचंच नाही, आणि आयपी अॅड्रेस १६९.२५४ ने सुरू होतोय? मग मशीनला नेटवर्ककडून पत्ताच मिळालेला नाही. वायर बघ.

वायर बघ म्हणजे खरोखर टेबलाखाली वाकून बघ हं. फरशी पुसताना पाय लागतो, झाडू अडकतो, आणि कनेक्टरची ती नखाएवढी प्लास्टिकची क्लिप तुटते. वायर खोचलेली दिसते, पण कुणी खुर्ची सरकवली की सैल होते. दिवसातून दोनदा नेट जाणाऱ्या माणसाची गोष्ट तिथेच संपते. चिकटपट्टी लावून वेळ मारून नेऊ नकोस, नवा कनेक्टर बसव. केशरी, हिरवा, तपकिरी या तिन्ही जोड्यांत पट्ट्याची तार आधी आणि भरीव नंतर. फक्त हिरव्या जोडीच्या मध्ये निळी जोडी घुसते, आणि तीही उलटी. म्हणजे पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठही तारा एका रेषेत कापून पार टोकापर्यंत गेल्यात का ते उजेडात धरून बघ, मगच क्रिंप कर. दोन-तीन दिवस घरी जुन्या वायरवर सराव केलास की हात बसेल. इलेक्ट्रिशियनची वाट बघत बसायची गरज नाही तुला.

आता जरा गंभीर बोलते. परवा एका मुलीने बँकेच्या नावाने आलेल्या मेलमधली लिंक उघडली, पासवर्ड टाकला, आणि तुला थेट दुसऱ्या दिवशी सांगितलं म्हणून तू चिडलीस. राग समजू शकते. पण तिने एक दिवस का लपवलं ते बघ. तिच्या आधी ज्याने सांगितलं, त्याला सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं होतं. ओरडा खाल्लेला माणूस पुढच्या वेळी तोंड उघडत नाही, आणि आपल्या कामात गप्प राहिलेल्या माणसाइतकं महाग दुसरं काही नाही. सायबर सुरक्षा बघणाऱ्या सरकारी सर्ट-इनचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश आहे की असा सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचा आणि सिस्टीमचे लॉग १८० दिवस जपून ठेवायचे. कळवायचं काम वरच्यांचं असेल, पण त्यांना सांगणार तूच. म्हणून ऑफिसभर एवढंच पसरव: 'काही चुकीचं क्लिक झालं तर मला लगेच सांगा, मी रागावणार नाही.' आणि खरंच रागावू नकोस. कुणी आलंच तर आधी त्या मशीनचं नेटवर्क तोड, मशीन बंद करू नकोस, आणि पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदल. खात्यातून पैसे गेले असतील तर तिला तिथल्या तिथे १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावायला सांग. रडत असेल तर पाणी दे आणि फोन तू लाव.

'माझी फाईल करप्ट झाली' हेही असंच एक वाक्य. मराठीतून पत्रव्यवहार चालणाऱ्या ऑफिसात हे ऐकल्यावर आधी फॉन्ट बघ. जुनी पत्रं कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये असतात. युनिकोड येण्याआधीचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी आकार बसवायचे, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर अख्खं पत्र इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन उघडतं. फाईल धडधाकट असते. जुन्या मशीनवरचा तोच फॉन्ट नव्या मशीनवर घातलास की पत्र परत येतं, आणि पंधरा वर्षांचं काम गेलं म्हणून घाबरलेल्या त्या काकांचा चेहरा बघण्यासारखा होतो. मग निवांत वेळ काढून त्यांना युनिकोड आणि इन्स्क्रिप्ट शिकव. पण निवांत. त्यांची बोटं जुन्या कीबोर्डवर बसलेली आहेत, त्यांना घाई करू नकोस.

हे आत्ता मुद्दाम सांगतेय, कारण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि जिकडे तिकडे मशीन बदलणं चाललंय. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, त्यामुळे चांगले चालणारे पीसीही बाद होतात. तुझ्याकडेही ढीग लागेल. जुना पीसी हातात आला की लगेच फॉरमॅट मारू नकोस गं. पंधरा दिवस तरी नाव लिहून कपाटात ठेव. फॉन्ट, आउटलुकच्या जुन्या मेलच्या फाईल्स, ब्राउजरमध्ये साठवलेले पासवर्ड, डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचा ड्रायव्हर, यातलं काहीतरी राहिल्याचं माणसाला काम अडल्यावरच कळतं. आणि अकाउंट्सच्या मशीनला हात लावण्याआधी कॅलेंडर बघ. ७ तारखेला टीडीएस भरायचा असतो, ११ ला जीएसटीआर-१, २० ला जीएसटीआर-३बी. त्याच्या आदल्या दिवशी अपडेट चढवायचं नाही म्हणजे नाही. अकाउंट्सवाल्या बाईंशी दोस्ती कर, त्या तुला मार्चमध्ये सांभाळून घेतील.

१९ जुलै २०२४ आठवतो? शुक्रवार होता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरचं सदोष अपडेट आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ९:३९ ला सुटलं, अगदी ऑफिसं भरायच्या वेळेला. १०:५७ ला ते मागे घेतलं गेलं, पण तोवर ज्या मशीनवर ते पोचलं ती निळ्या पडद्यावर अडकून बसली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने जगभरात ८५ लाख. आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले जात होते. बातम्या विमानांच्याच आल्या, पण दुरुस्ती केली ती तुझ्यासारख्या मुलामुलींनी, बहुतेक ठिकाणी एकेक मशीन हातात घेऊन. सेफ मोडमध्ये चालू करायचं, ती एक फाईल काढायची, पुन्हा चालू करायचं. डिस्कला बिटलॉकर असेल तर त्याआधी ४८ आकड्यांची रिकव्हरी की. आणि माणूस गावी घरून काम करत असेल तर ते ४८ आकडे फोनवरून सांगायचे, समोर घाबरलेला माणूस, मागे कुकर आणि मूल. तुझ्यावरही असा दिवस येईल. तेव्हा सहाच आकडे सांग, ते परत वाचून घे, मग पुढचे सहा. असे आठ गट. आवाज चढवू नकोस, मधेच 'झालं का, झालं का' करू नकोस. आणि कंपनीच्या सगळ्या लॅपटॉपच्या रिकव्हरी की कुठे साठवल्यात, हे तुला या आठवड्यातच माहीत असलं पाहिजे. वरिष्ठांना विचार. 'कशाला हवंय?' म्हणाले तर ही तारीख सांग.

आणि ते 'मॅडम, सर नाहीत का?' त्याचं तुला लागतं, मला माहीत आहे. मलाही लागायचं. खरं सांगू का, त्यावर भांडायची गरज नाही. 'सपोर्टला मीच आहे, काय झालंय सांगा,' एवढं म्हणायचं आणि सरळ कामाच्या प्रश्नाला हात घालायचा. काम झालं की तोच माणूस पुढच्या वेळी तुझं नाव घेऊन फोन करतो. एखादा मात्र खुर्ची न सोडता मुद्दाम खेटून बसत असेल, तर त्याला स्पष्ट उठायला सांग, किंवा आपल्या जागेवर येऊन रिमोटने काम कर. त्यानेही भागलं नाही तर अंतर्गत समितीकडे जा. २०१३ चा कायदा आहे, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसात ती समिती असावीच लागते. सहन करून मोठेपणा मिळत नाही.

सगळ्यांवर विश्वास ठेव म्हणतेय, तेवढाच स्वतःवरही ठेव. तू दिवसभर राबतेस आणि संध्याकाळी तुला वाटतं काहीच केलं नाही, कारण जे नीट चाललं ते कुणाला दिसतच नाही. म्हणून टिकेट. जिन्यात अडवून सांगितलेलं कामही टिकेटमध्ये गेलंच पाहिजे. 'बघते हं, तेवढं टिकेट टाका म्हणजे माझ्याकडून राहणार नाही,' असं हसून सांग. नाही टाकलं तर तू टाक, त्यांच्या नावाने. काय बिघडलं, कशाने सुटलं, दोन ओळी लिही. वर्षाअखेरीला पगाराचं बोलायला बसशील तेव्हा 'मी खूप काम केलं' म्हणण्यापेक्षा ती यादी पुढे ठेव. आणि डबा तुझ्या टेबलावर खायचा नाही. तिथे बसलीस की लोकांना तू मोकळीच दिसतेस. पॅन्ट्रीत जा, गरम करून खा, फोन दुसरीकडे दे.

राहता राहिलं ते रात्रीच्या अपडेटचं. सर्व्हरचं काम रात्री करावं लागतं, त्यात वावगं काही नाही. पण 'ये गं, तासाभराचं काम आहे' असं तोंडी चालणार नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, सुरक्षेची व्यवस्था लागते आणि घराच्या दारापर्यंत सोडायची सोय लागते. हे मागायला तू लाजतेस, मला ठाऊक आहे. म्हणून तोंडाने मागूच नकोस. उद्या सकाळी चहा घ्यायच्या आधी एचआरला चार ओळींची मेल टाक: काम कोणत्या तारखेला, किती वाजेपर्यंत, सोबत कोण, गाडी कोणती. साहेबांना कॉपीत ठेव. उत्तर आलं की मला कळव, आणि दोन दिवसांत नाही आलं तरी कळव.