ताक-सरबताच्या बादलीला तुसाची गोधडी

मावळ तालुक्यात खरिपाचे मुख्य पीक भात. वडगाव मावळ येथील कृषी संशोधन केंद्रातून सन १९८७ मध्ये प्रसारित झालेला इंद्रायणी हा सुवासिक वाण तर आता घरोघरी माहीत आहे. भात सडल्यावर वजनाच्या सुमारे एक-पंचमांश तूस निघते, म्हणजे एक क्विंटल भातामागे जवळजवळ २० किलो. हे तूस भट्टीत जाते किंवा गिरणीमागे ढीग होऊन पडते. उन्हाळ्यात मात्र त्याचा एक चांगला उपयोग होऊ शकतो, तो म्हणजे विक्रीसाठी नेलेले ताक, कोकम व करवंदाचे सरबत थंड ठेवण्यासाठी.

चैत्रात कार्ल्याला एकवीरा देवीची यात्रा भरते. उन्हाळी सुट्टीत लोहगड, भाजे आणि लोणावळा येथे पर्यटकांची वर्दळ असते. परिसरातील अनेक शेतकरी कुटुंबे व महिला बचत गट अशा ठिकाणी ताक-सरबत विकतात. कार्ल्याच्या पायथ्याशी ताक विकणाऱ्या एका भगिनीने आम्हाला विचारले, "बर्फाच्या बादलीला सकाळपासून ओले गोणपाट गुंडाळते, दर तासाला पाणी मारते, तरी बारा वाजेपर्यंत बर्फ संपतो आणि ताक आंबते. माझे चुकते कुठे?" त्यांच्या कष्टात काहीच कमी नव्हते. ओले गोणपाट हीच चूक होती. तिचे कारण समजून घेतल्यास बर्फाचा निम्मा खर्च वाचू शकतो.

आच्छादन थंडावा निर्माण करीत नाही

घोंगडी ऊब देते, मग ती बर्फ थंड कशी ठेवील, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक घोंगडी स्वतः गरम नसते आणि थंडही नसते. तिच्या लोकरीत अडकलेली हवा उष्णतेला ये-जा करू देत नाही. अंगाची उष्णता बाहेर जाऊ दिली नाही की ऊब वाटते आणि बाहेरची उष्णता बर्फापर्यंत पोहोचू दिली नाही की बर्फ टिकतो. तूस, पेंढा, लाकडाचा भुसा व थर्माकोल हे सर्व याच तत्त्वावर काम करतात.

याचे एक जुने उदाहरण देण्यासारखे आहे. सन १८३३ मध्ये अमेरिकेतील बोस्टन बंदरातून सुमारे १८० टन बर्फ घेऊन एक जहाज कलकत्त्यास निघाले. चार महिन्यांचा प्रवास, त्यात विषुववृत्त दोनदा ओलांडायचे, तरीही सुमारे १०० टन बर्फ शिल्लक उतरला. त्या काळी यंत्राचा गारवा नव्हता. बर्फाचा बचाव केला तो भुशासारख्या कोरड्या आच्छादनाने. पुढे मुंबईतही असा बर्फ येऊ लागला.

ओले गोणपाट केव्हा वापरावे?

ओल्या गोणपाटाचे काम वेगळे आहे. त्यातील पाण्याची वाफ होताना ते भांड्यातील उष्णता घेते. माठातील पाणी याच कारणाने गार होते. परंतु या गारव्याला मर्यादा आहे. हवेचे तापमान ३६ अंश सें. आणि आर्द्रता २५ टक्के असेल तर ओले कापड फार तर २१ ते २२ अंशांपर्यंत उतरते, त्याखाली नाही.

बर्फाची बादली मात्र ० ते ५ अंशांवर असते. तिला ओले गोणपाट गुंडाळले तर गोणपाट बादलीपेक्षा गरम राहते व उलट तिलाच उष्णता देते. शिवाय पाण्यातून उष्णता स्थिर हवेपेक्षा वीस पटींहून अधिक सहजतेने वाहते. धाग्यांमधील हवेची जागा पाण्याने घेतली की आच्छादनाचा गुण संपतो. म्हणून हा नियम ध्यानात ठेवावा: बर्फ नसेल तर ओले, बर्फ असेल तर कोरडे.

पावसाळ्यात लोणावळा परिसरात हवा बाष्पाने भरलेली असते. त्या काळात ओल्या गोणपाटाने काहीच साधत नाही.

तुसाची गोधडी तयार करण्याची रीत

१) २० लिटरची झाकणाची बादली आणि तिच्यात उभा राहील असा १० लिटरचा स्टीलचा, घट्ट झाकणाचा कॅन घ्यावा. कॅनमध्ये पेय आणि बादलीत बर्फ व पाणी, अशी मांडणी असावी.

२) गिरणीतून कोरडे तूस आणून चाळून धूळ व कणी काढावी. दोन दिवस कडक उन्हात वाळवावे. कणी राहिल्यास किडे व उंदीर येतात.

३) बादलीच्या घेरापेक्षा सुमारे ४० सें.मी. लांब आणि तिच्या उंचीएवढे रुंद असे गोणपाटाचे दोन तुकडे घ्यावेत. त्यांच्यामध्ये ८ ते १० सें.मी. रुंदीचे उभे कप्पे शिवून प्रत्येकात तूस भरावे. कप्पे नसतील तर तूस खाली बसते व वरचा भाग मोकळा पडतो. भरलेल्या गोधडीची जाडी ५ सें.मी. असावी.

४) तळासाठी ५ सें.मी. व झाकणावर ठेवण्यासाठी ७ ते ८ सें.मी. जाडीची तुसाची उशी करावी.

५) गोधडी व उशांना दोन्ही बाजूंनी प्लास्टिकच्या कागदाचे अस्तर लावावे, म्हणजे बादलीला सुटणारे पाणी तुसात उतरणार नाही. त्यावर पांढऱ्या कापडाची खोळ घालावी. ती उन्हाची तिरीप परतवते व धुताही येते.

६) खताच्या किंवा कीटकनाशकाच्या रिकाम्या पिशव्या या कामासाठी कदापि वापरू नयेत.

बर्फाचा हिशेब

एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेतो. १० लिटर ताक ३० अंशांवरून ८ अंशांवर आणण्यास २२० किलोकॅलरी काढून घ्याव्या लागतात, म्हणजे सुमारे अडीच किलो बर्फ लागतो. हा खर्च टळत नाही. त्यानंतरचा बर्फ केवळ बाहेरून शिरणाऱ्या उष्णतेशी झुंजण्यात जातो. ढोबळ हिशेबाने, ३५ अंश तापमानात सावलीतील उघड्या बादलीत तासाला सुमारे एक किलो बर्फ वितळतो. पाच सें.मी. तुसाच्या आच्छादनात हेच प्रमाण दीड-दोनशे ग्रॅमवर येते.

सहा तासांच्या विक्रीसाठी उघड्या बादलीला आठ ते नऊ किलो बर्फ लागेल, तर गोधडीत झाकण उघडण्याची तूट धरूनही चार ते पाच किलोंत भागते. आपल्या गावातील बर्फाच्या दराने गुणून पाहिल्यास रोजची बचत कळेल.

आणखी बचत करावयाची असल्यास दोन्ही पद्धती एकापाठोपाठ वापराव्यात. ताकात व सरबतात घालावयाचे उकळून गार केलेले पाणी आदल्या रात्री माठात किंवा ओले गोणपाट गुंडाळलेल्या भांड्यात उघड्या हवेत झाकून ठेवावे. सकाळी त्याच पाण्याने ताक करावे, कॅन बर्फात ठेवावा आणि मग कोरडी गोधडी गुंडाळावी. ताक मात्र रात्रभर बाहेर ठेवू नये, ते आंबते.

घ्यावयाची काळजी

• गरम किंवा कोमट वस्तू थंड करण्यासाठी गोधडीत ठेवू नये. नुकतेच काढलेले दूध सुमारे ३७ अंशांचे असते. ते तसेच गुंडाळल्यास ऊब आतच कोंडते व दूध लवकर नासते. आधी गार करावे, मगच गुंडाळावे.

• बर्फ पेयात टाकू नये, तो कॅनच्या बाहेरच असावा. महाराष्ट्रात अखाद्य बर्फाला निळसर रंग देण्याचा नियम सन २०१८ मध्ये लागू झाला. पेयात बर्फ घालावयाचाच असेल तर तो खाद्य बर्फ असल्याची खात्री करून घ्यावी.

• लवकर थंड करण्यासाठी फोडलेला बर्फ व दिवसभर टिकण्यासाठी मोठा तुकडा वापरावा. वितळलेले गार पाणी कॅनला भिडून राहू द्यावे. ते कॅनच्या गळ्यापर्यंत आले तरच थोडे काढावे.

• लांब दांड्याचे ओगराळे वापरावे व लगेच झाकण लावावे. गार हवा जड असल्याने ती भांड्यात राहते. पण झाकण उघडे राहिल्यास उन्हाळी वारा ती घालवतो.

• उरलेले ताक दुसऱ्या दिवशीच्या ताकात मिसळू नये. कॅन गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवावा.

• तूस भिजल्यास किंवा कुबट वास आल्यास बदलावे. जुने तूस खतखड्ड्यात टाकावे.

घरीच खात्री करून पाहा

सारख्या आकाराच्या दोन बादल्यांत प्रत्येकी दोन किलो बर्फ घालून त्या सावलीत ठेवाव्यात. एकीला ओले गोणपाट व दुसरीला तुसाची गोधडी गुंडाळावी. दोन तासांनी राहिलेला बर्फ काढून वजन करावे. बचत गटाच्या बैठकीत हा प्रयोग सर्वांसमक्ष केल्यास पुढे कोणाला पटवून द्यावे लागत नाही.

गोधडीला लागणारे तूस आपल्याच भाताचे आहे. खर्च फक्त गोणपाट, प्लास्टिकचा कागद व शिलाईचा. आषाढ लागला आणि भुशी धरणाकडे भिजलेल्या पर्यटकांची रीघ सुरू झाली की हीच गोधडी चहाच्या किटलीला गुंडाळावी. उन्हाळ्यात ताक गार राखणारे तूस पावसाळ्यात चहाची वाफही राखते. शेतकरी बंधू-भगिनींनी येत्या हंगामात निदान एका बादलीवर हा उपाय अवश्य करून पाहावा.