'बजेट' : चामडी थैलीपासून अर्थसंकल्पापर्यंत

मंत्रालयापासून ग्रामपंचायतीच्या कचेरीपर्यंत 'बजेट' हा इंग्रजी शब्द नित्य वापरात आहे. घरखर्चाच्या बोलण्यातही तो रूढ झाला आहे. तथापि, या शब्दाचा मूळ अर्थ जमाखर्च नसून चामड्याची थैली असा आहे.

आजच्या फ्रान्सच्या परिसरातील प्राचीन गॉल लोकांच्या भाषेतून 'बुल्गा' हा थैलीवाचक शब्द लॅटिनमध्ये गेला. त्यापासून जुन्या फ्रेंच भाषेत लहान थैली या अर्थी 'बूझेत' हे रूप झाले व पंधराव्या शतकात ते इंग्रजीत आले. फुगवटा या अर्थाचा 'बल्ज' हा इंग्रजी शब्दही याच कुळातील होय. कालांतराने थैलीबरोबरच थैलीतील ऐवजालाही बजेट म्हणू लागले.

या शब्दाचा राज्यकारभाराशी संबंध जोडला गेला तो उपहासातून. १७३३ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट वॉलपोल यांनी मद्य व तंबाखूवरील अबकारी कराची योजना पुढे आणली. तिच्यावर टीका करणाऱ्या 'द बजेट ओपन्ड' या पत्रकात त्यांना औषधांची थैली उघडणाऱ्या भोंदू वैद्याची उपमा देण्यात आली. लोकक्षोभामुळे ती योजना मागे घ्यावी लागली. परंतु 'थैली उघडणे' हा वाक्प्रचार टिकला आणि सरकारच्या वार्षिक आर्थिक निवेदनालाच बजेट हे नाव पडले. पुढे फ्रेंचांनीही हा शब्द नव्या अर्थासह इंग्रजीतून परत घेतला. भारतात ब्रिटिश अमदानीतील पहिले बजेट १८६० साली जेम्स विल्सन यांनी मांडले.

भारतीय संविधानात मात्र हा शब्द नाही. अनुच्छेद ११२ मध्ये केंद्रासाठी व अनुच्छेद २०२ मध्ये राज्यांसाठी 'वार्षिक वित्तीय विवरणपत्र' अशी संज्ञा योजिली आहे. मराठीत यासाठी दोन शब्द रूढ आहेत. 'अंदाजपत्रक' या शब्दात येणाऱ्या व खर्च होणाऱ्या रकमेची अटकळ आहे. 'अर्थसंकल्प' या शब्दात तो पैसा कोणत्या कामी लावावयाचा याचा निश्चय आहे. अटकळ चुकली, तर ती सुधारता येते. निश्चयच नसेल, तर शाळेची गळकी कौले व अर्धवट राहिलेली नळयोजना वर्षानुवर्षे कागदावरच राहते.

थैली जनतेची आहे. ती जनतेसमोरच उघडली गेली पाहिजे. ग्रामसभेपुढे जमाखर्चाचे वाचन होते, त्या वेळी प्रत्येक रकमेबाबत प्रश्न विचारणे हा ग्रामस्थांचा अधिकार आहे आणि त्याचे समजेल अशा भाषेत उत्तर देणे हे पंचायतीचे कर्तव्य आहे.