कर्ज फेडलं, तरी नोंद तपासा: सिबिलचा धडा



१ जूनपासून ६१ दिवस मासेमारीबंदी. बोटी वर घ्यायच्या, जाळी दुरुस्त करायची, इंजिन उघडायचं आणि ऑगस्टसाठी पैशांची सोय बघायची. म्हणजे बँकेची पायरी चढणं आलंच. त्याआधी हा धडा घरात सगळ्यांनी मिळून वाचा.

आपल्या एका सभासदाने गेल्या बंदीत नव्या आउटबोर्ड इंजिनासाठी अर्ज केला. कागद सगळे बरोबर. तरी बँकेतून उत्तर आलं, "तुमचं सिबिल बसत नाही." माणूस चक्रावला, कारण त्याचा स्वतःचा एकही हप्ता चुकला नव्हता. अहवाल काढला तेव्हा दोन गोष्टी सापडल्या. एक, त्याने पूर्ण फेडलेलं जुनं कर्ज अजून चालूच दिसत होतं. दुसरी, काही वर्षांपूर्वी तो एका नातेवाइकाच्या बोटीच्या कर्जाला जामीन राहिला होता. ते कर्ज थकलं होतं आणि तेही याच्या अहवालात आलं होतं. तो मोसम त्याने दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून काढला.

ही माहिती जाते कुठे?

सिबिल हे एका कंपनीचं नाव. तशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. २००५ च्या कायद्याखाली त्या चालतात आणि त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेख असते. बँका, सहकारी बँका, फायनान्स कंपन्या, गटकर्ज देणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपन्या, सगळ्यांना आपल्या कर्जदारांची माहिती या चौघांना द्यावीच लागते. कर्ज किती, शिल्लक किती, हप्ता किती दिवस उशिरा आला, जामीन कोण, हे सगळं त्यात असतं. १ जानेवारी २०२५ पासून ही माहिती महिन्यातून निदान दोनदा कळवायची असते. त्यामुळे "पुढच्या महिन्यात भरू, कोणाला कळतंय" हे आता चालत नाही.

ही माहिती बघतं कोण? तुम्ही जिथे कर्ज मागाल ती बँक तर बघतेच. नियमांप्रमाणे विमा कंपनी आणि फोन कंपनीलाही ती मागता येते. पण वाटेल त्या माणसाला नाही. शेजाऱ्याला किंवा मासळीच्या व्यापाऱ्याला तुमचा अहवाल बघण्याचा अधिकार नाही.

आणि जात काय नाही? व्यापाऱ्याकडून घेतलेली उचल, दुकानाची उधारी, खलाशाला दिलेला आगाऊ पैसा. हे बँकेचं कर्ज नव्हे, म्हणून अहवालात येत नाही. दुसऱ्या बाजूने, व्यापाऱ्याचे पैसे तुम्ही वर्षानुवर्षं वेळेवर फेडले, त्याचीही नोंद कुठे होत नाही.

आपल्या धंद्यात लोक अडकतात ते इथे

१. बंदीचे हप्ते. जून-जुलैत कमाई नाही, पण हप्त्याची तारीख थांबत नाही. ९० दिवसांच्या वर थकलं की साधारणपणे खातं थकीत कर्जात जातं. म्हणून कर्ज घेतानाच हप्ते मोसमाप्रमाणे बांधून मागा आणि ते करारात लिहून घ्या. साहेब तोंडी "बघू" म्हणाले, तर ते धरू नका.

२. जामीनकी. जामीन म्हणजे नुसती सही नव्हे. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते.

३. सेटलमेंट. कमी पैशात खातं मिटवलं, तर अहवालात "सेटल्ड" असं येतं, "क्लोज्ड" नाही. पुढची बँक त्याकडे वेगळ्या नजरेने बघते.

४. घरातलं गटकर्ज. बाजारात बसणाऱ्या आपल्या बायकांच्या नावावर गटाचं कर्ज असतं. मायक्रोफायनान्स कर्ज देताना सगळ्या घराचे हप्ते मोजतात आणि ते घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नयेत. नवऱ्याला बायकोचं आणि बायकोला नवऱ्याचं कर्ज ठाऊक असलेलं बरं.

या बंदीत काय करायचं?

चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच काढा. मुलगा-मुलगी शिकलेली असतील तर त्यांना शेजारी बसवा. आपला अहवाल आपणच बघितला तर गुण कमी होत नाहीत. गुण ३०० ते ९०० मध्ये असतात. पण आकडा बघून थांबू नका, एकेक खातं वाचा: हे माझंच का? फेडलेलं "क्लोज्ड" आहे का? कुठे जामीन आहे का?

चूक दिसली तर त्या कंपनीकडे आणि बँकेकडे, दोन्हीकडे लेखी तक्रार करा. कर्ज फिटल्याचा दाखला जोडा, पोच जपून ठेवा. ३० दिवसांत निकाल लागला पाहिजे. त्याच्या पुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायला हवी, असा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी नंबर १४४४८.

एक सावधगिरी. "पैसे द्या, सिबिल साफ करून देतो" म्हणणाऱ्याला ओटीपी आणि आधार देऊ नका. चुकीची नोंद दुरुस्त होते, खरी थकबाकी कोणालाही पुसता येत नाही. आणि झटपट कर्जाचं ॲप फोनमधले नंबर किंवा फोटो मागत असेल, तर तिथेच थांबा. रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या ॲपना त्यांना हात लावायची मनाई केली आहे.

आपल्या त्या सभासदाचं जुनं कर्ज आता "क्लोज्ड" दिसतंय. जामीनकीचं मात्र खरं होतं, त्यावर तक्रार चालली नाही. दोन्ही घरं एकत्र बसली, हप्ते वाटून घेतले, अजून भरताहेत. इंजिनाचा अर्ज तो यंदा परत करणार आहे.

जाळं पाण्यात टाकण्याआधी आपण ते तपासून घेतोच ना? कर्जाचा अर्जही तसाच. ज्यांना अहवाल काढायला जमत नाही त्यांनी संस्थेच्या कार्यालयात यावं, आपण मिळून बघू.