गिनीपिगाचा ओला चारा

गिनीपिग हे नाव दोन्ही अंगांनी फसवे आहे. हा प्राणी डुकराच्या जातीचा नव्हे आणि गिनी देशातलाही नव्हे. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या परिसरात तो हजारो वर्षांपूर्वी माणसाळला व सोळाव्या शतकात युरोपात पोहोचला. उंदीर-खारींप्रमाणे तो कुरतडणाऱ्या वर्गातील असून पूर्ण वाढ झाल्यावर त्याचे वजन साधारणतः ७०० ते १२०० ग्रॅम भरते. कोल्हापूरच्या बाजूस मुलांच्या हौसेखातर तो शेतकऱ्याच्या घरी येतो, तेव्हा त्याच्या खाण्याची चिंता कोणी फारशी करीत नाही. गोठ्यात वैरण असते, बांधावर गवत असते. एवढ्याशा जिवाला आणखी काय हवे, असा विचार होतो. परंतु गाईला मानवणारा चारा त्याला पुरतोच असे नाही, व बांधावरचे गवत तर पुष्कळदा त्याच्या जिवावर बेतते.

गाय, शेळी, ससा हे प्राणी आपल्याला लागणारे ‘क’ जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरातच तयार करतात. माणसाला व गिनीपिगाला ते साधत नाही. १९०७ साली नॉर्वेतील होल्स्ट व फ्रोलिश या शास्त्रज्ञांनी गिनीपिगांना केवळ धान्यावर ठेवले असता त्यांना स्कर्व्ही हा रोग जडला, आणि ताजा पाला दिल्यावर तो आटोक्यात आला. धान्य, भाकरीचे तुकडे अथवा नुसता कडबा यांवर ठेवलेल्या गिनीपिगाची आजही हीच गत होते. दोन-तीन आठवड्यांत तो हालचाल टाळू लागतो, सांधे सुजतात, केस राठ होतात, हिरड्यांतून रक्त येते. किलोभर वजनाच्या प्राण्यास दररोज सुमारे १० ते ३० मिलीग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व लागते. गाभण मादीची गरज वरच्या आकड्याजवळ असते. पाण्यात औषध मिसळून ही गरज भागविण्याचा प्रयत्न करू नये, कारण पाण्यात त्याचा गुण लवकर नष्ट होतो. सशांच्या तयार खाद्यात हे जीवनसत्त्व पुरेसे असेलच असे नाही. कोंबड्यांचे खाद्य तर मुळीच घालू नये. त्यात कधी कधी मिसळलेली रोगप्रतिबंधक औषधे गिनीपिगास विषारी ठरतात.

याचा अर्थ पिंजरा हिरव्या पाल्याने भरावा असा नाही. या प्राण्याचा मुख्य आहार वाळलेले गवत हाच होय. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात व चरबरीत गवत चावण्यानेच ते झिजतात. म्हणून डोंगरकडेचे पावसाळ्यानंतर कापलेले, बुरशी न लागलेले गवत त्याच्यापुढे अष्टौप्रहर असावे. भाताचा पेंढा अंथरुणास चालेल; पोषणास त्याचा उपयोग थोडा. ओला पाला मात्र मोठ्या प्राण्यास दिवसाकाठी एक मूठभर पुरे, आणि तोही दोन वेळांत विभागून. गिनीपिगास ओकारी करता येत नाही. एकदम पुष्कळ ओले खाल्ल्याने हगवण लागते वा पोट फुगते, आणि आत गेलेले बाहेर टाकण्याची सोय त्याच्यापाशी नसते. नवा पाला प्रथम दोन-चार पाने देऊन पाहावा व दोन दिवस लेंडीकडे लक्ष ठेवावे.

लक्ष्मीपुरी किंवा कपिलतीर्थ मंडईत मिळणाऱ्या भाज्यांपैकी कोथिंबीर रोजच्या वापरास उत्तम. पुदिना, शेपू, तुळशीची चार पाने ही आलटून-पालटून द्यावीत. ढोबळ्या मिरचीची फोड ‘क’ जीवनसत्त्वाने संपन्न असते. पेरूची फोडही तशीच, पण गोडीमुळे ती क्वचितच द्यावी. पालक, चाकवत, आंबट चुका व घोळ यांत ऑक्झॅलिक आम्ल अधिक असते. ते व चुना यांच्या संयोगाने मूत्राशयात खडे होण्याचा संभव असल्याने या भाज्या नित्याच्या करू नयेत. लसूणघासात चुना विपुल असतो; तो वाढत्या पिलांस व गाभण मादीस हितावह, प्रौढास बेताने. नावात लसूण आहे म्हणून त्याला भिण्याचे कारण नाही. खरी लसूण व कांदा यांची पात मात्र वर्ज्य समजावी. कोबी व मुळ्याच्या पाल्याने पोटात वायू धरतो. बटाटा व टोमॅटोचा पाला, अळू, कण्हेर, धोतरा, घाणेरी, रुई, एरंड आणि गाजरगवत यांचे पानही पिंजऱ्यात जाता कामा नये. कोवळ्या ज्वारीच्या विषाने गुरे दगावतात हे शेतकरी जाणतोच; तीच खबरदारी येथेही घ्यावी.

एवढे सगळे सांभाळूनही घात होतो तो बहुधा फवाऱ्यामुळे. उसाच्या पिकात रुंद पानांच्या तणांवर टू-फोर-डीसारखी तणनाशके मारतात, आणि वाऱ्याने त्यांचे तुषार बांधावर येतात. भाजीवर मारलेली आंतरप्रवाही कीटकनाशके पानाच्या आत शिरतात. पाला कितीही धुतला तरी ती निघत नाहीत. पाच-सहाशे किलोच्या म्हशीला जे प्रमाण जाणवणारही नाही, ते एक किलोच्या प्राण्यास भारी पडते. म्हणून उसाच्या बांधावरचे व रस्त्याकडेचे गवत आणूच नये. परसातील सांडपाण्यावर नव्हे, तर चांगल्या पाण्यावर कोथिंबीर-पुदिन्याचा एक लहानसा वाफा करून त्यावर काही फवारू नये; चार-पाच गिनीपिगांना तो पुरून उरतो व घरच्या आमटीलाही उपयोगी पडतो.

गगनबावडा, पन्हाळा, शाहूवाडी या भागांत पावसाळ्यात पाला सदा भिजलेला असतो. असा पाला ढीग करून ठेवल्यास आतून तापतो व आंबतो. तो पातळ पसरून, पाणी निथळवून त्याच दिवशी घालावा. शिळा उरलेला संध्याकाळी काढून टाकावा. २०१९ व २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी शेतांत शिरले होते. असा पूर ओसरल्यावर गाळ बसलेले गवत दिसायला हिरवे असते, पण ते गिनीपिगास देऊ नये.

एखादा गिनीपिग अर्धा दिवस काही न खाता अंग फुगवून कोपऱ्यात बसला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्यास पशुवैद्यकाकडे न्यावे आणि काय पाला दिला होता त्याचा नमुना सोबत घ्यावा. घरात उरलेल्या माणसांच्या गोळ्या देऊ नयेत. पेनिसिलीन वर्गातील औषध तोंडाने दिल्यास त्याच्या आतड्यांतील उपयुक्त जंतू मरतात व घातक जंतू माजतात, त्यामुळे तो दगावू शकतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही एक गोष्ट पाळणाऱ्यास आधीच सांगून ठेवावी.