बदलाची नोंद कशी ठेवावी? (रेल्वेच्या माहितीवरून एक पाठ)



बोईसर स्टेशनवर उभं राहिलं की इंडिकेटरवर गाडीची वेळ दिसते. मोबाइलवरही ती दिसते. म्हणजे ही माहिती एका संगणकाकडून दुसऱ्या संगणकाकडे जाते. त्यासाठी दोघांनी एकच मांडणी पाळावी लागते. या ठरलेल्या मांडणीला फॉरमॅट म्हणतात.

आपल्या ओळखीचं उदाहरण म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. पामच्या शाळेने भरलेला दाखला पालघरच्या शाळेला सहज वाचता येतो, कारण कोणत्या रकान्यात काय लिहायचं हे आधीच ठरलेलं आहे. पण उद्या रकाना बदलला आणि कोणाला सांगितलंच नाही तर? मग जन्मतारखेच्या जागी प्रवेशाची तारीख वाचली जाईल!

रेल्वेची एक मांडणी : रेलएमएल

युरोपात रेल्वेची माहिती देण्याघेण्यासाठी रेलएमएल नावाचा फॉरमॅट वापरतात. त्याचं काम २००२ साली सुरू झालं. वेळापत्रक, रूळमार्ग आणि गाड्यांचे डबे यांची माहिती त्यात ठरावीक नावांखाली लिहितात. गरज वाढते तशी त्याची नवी आवृत्ती निघते. २.१, २.२, २.३ अशा आवृत्त्या आल्या आणि २०१९ साली ३.१ आली.

दुसऱ्या पिढीत स्टेशनसारख्या ठिकाणाच्या रकान्याला 'ओसीपी' म्हणत. तिसऱ्या पिढीत त्याचं नाव 'ऑपरेशनल पॉइंट' झालं आणि आतली मांडणीही बदलली. जुना प्रोग्रॅम 'ओसीपी' शोधत बसला तर त्याला नव्या फाइलमध्ये एकही स्टेशन सापडणार नाही. म्हणूनच कोणत्या आवृत्तीत काय आलं, काय बदललं, हे त्याच्या माहितीपानांवर लिहून ठेवतात.

आपल्या मार्गावरचे बदल

आपल्याकडेही असे बदल झालेत.

- २० डिसेंबर २०१० पासून गाड्यांचे चार अंकी क्रमांक पाच अंकी झाले. २९२१ ही फ्लाइंग राणी १२९२१ झाली.
- जुलै २०१८ मध्ये एल्फिन्स्टन रोडचं नाव प्रभादेवी झालं. स्टेशनचा कोडही बदलला.
- व्हीटीचं १९९६ मध्ये सीएसटी आणि २०१७ मध्ये सीएसएमटी झालं.

आता विचार करा. एखाद्या प्रोग्रॅममध्ये क्रमांकासाठी चारच घरं असतील, तर १२९२१ चं काय होईल? शेवटचा अंक गळला तर १२९२ उरेल. क्रमांकच चुकला तर प्रवाशाला आपली गाडी कशी सापडणार?

बदलाचे चार प्रकार

१. भर पडणे : नवा रकाना येतो. जुनी माहिती सहसा तशीच चालते.

२. नाव बदलणे : वस्तू तीच, नाव नवं. जुनं नाव आणि नवं नाव यांची जोडी लिहिलीच पाहिजे.

३. वगळणे : रकाना एकदम काढू नये. आधी 'हा पुढे बंद होणार' असं जाहीर करावं, म्हणजे लोकांना तयारीला वेळ मिळतो.

४. अर्थ बदलणे : हा सगळ्यात फसवा प्रकार. नाव तेच राहतं, पण अर्थ वेगळा होतो. समजा, विरारहून रात्री ११:५० ला निघालेली गाडी पालघरला १२ नंतर पोहोचते. रकान्यात 'सोमवार' लिहिलंय. हा सोमवार गाडी निघाल्याचा की पोहोचल्याचा? आधीच्या आवृत्तीत एक अर्थ आणि पुढच्या आवृत्तीत दुसरा असेल, तर संगणक चूक दाखवणार नाही. तो निमूटपणे चुकीचा दिवस सांगेल.

नोंद कशी लिहायची?

पाच प्रश्नांची उत्तरं लिहा. नमुना पाहा.

- आधी काय होतं? गाडी क्रमांक चार अंकी.
- आता काय आहे? गाडी क्रमांक पाच अंकी.
- केव्हापासून? २० डिसेंबर २०१०.
- का? गाड्या वाढल्या, चार अंकी क्रमांक अपुरे पडू लागले.
- जुनी माहिती वापरणाऱ्याने काय करावं? क्रमांकासाठी पाच घरं ठेवावीत. सरसकट पुढे १ लावू नये. पॅसेंजरचा क्रमांक ५ ने, मेमूचा ६ ने आणि मुंबई लोकलचा ९ ने सुरू होऊ लागला. म्हणून जुन्या-नव्या क्रमांकांचा तक्ता बघावा.

पाचवा प्रश्न बरेच जण विसरतात. पण वाचणाऱ्याला खरा उपयोग त्याचाच होतो. 'वेळापत्रकात सुधारणा केली' एवढंच लिहिलं तर कोणालाच काही कळत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. जुनी नोंद खोडू नका, तिच्याखाली नवी लिहा. २००९ सालचा कागद हातात आला तर त्यावरचा २९२१ म्हणजे कोणती गाडी, हे जुन्या नोंदीवरूनच समजेल.

उपक्रम

विरार ते डहाणू रोड या मार्गावरची वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव ही स्टेशनं क्रमाने लिहा. घरात किंवा शेजारी जुनं वेळापत्रक मिळालं तर ते नव्याशी ताडून पाहा. सापडलेला प्रत्येक बदल वरील पाच प्रश्नांत मांडा.

स्वाध्याय

१. बोईसरचा स्टेशन कोड बीओआर आणि बोरिवलीचा बीव्हीआय आहे. कोड न देता फक्त 'बो' लिहिलं तर काय गोंधळ होईल?

२. नाव बदलणे आणि अर्थ बदलणे यांतला फरक उदाहरणासह सांगा.

३. तुमच्या वर्गाच्या तासांचं वेळापत्रक या वर्षी बदललं का? त्याची नोंद तयार करून वर्गात लावा.